आता सोडते हं

ताई मंगळवारी दुपारी गेली. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात तिला तापासाठी दाखल केलं होतं. तिच्या हाताला सलाईन लावलेली होती आणि तो हात मी धरला होता. "सोड गो," ती म्हणाली. मी हात सोडला. काही वेळाने सिस्टर आली, तिने सलाईन बंद केली आणि डॉक्टरांना बोलावलं. मी तिच्या मुलीला, सईला, फोन केला.

त्या दिवसाबद्दल मला अजूनही एवढंच लिहिता येतं. पुढे जे लिहिते आहे ते त्यानंतरच्या वर्षाचं आहे, आणि मुख्यतः त्या वर्षाच्या शेवटी आलेल्या दुसऱ्या एका मंगळवारचं. त्या दिवशी जे घडलं ते साधंच होतं. ऐकणाऱ्याला त्यात विशेष काही वाटणार नाही कदाचित. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. मला जसं दिसलं तसं सांगते.

ताई माझ्याहून मोठी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचे यजमान गेले आणि ती लहानग्या सईला घेऊन जोगेश्वरीच्या आमच्या घरी परत आली. मी लग्न केलं नाही. दिंडोशीला एका शाळेच्या ग्रंथालयात माझी नोकरी. घर ताई सांभाळायची, पुस्तकं मी, आणि सईला आम्ही दोघींनी मिळून वाढवलं. वडील गिरणीत होते, पण ताईच्या बोलण्यातून गाव कधी गेलं नाही. माझी भाषा पुस्तकांनी धुऊन काढली. ताई मात्र शेवटपर्यंत मालवणीतच बोलत राहिली, माझ्याशी, सईशी आणि देवीशीसुद्धा.

आमच्या गावची देवी सातेरी. तिला मूर्ती नाही. गाभाऱ्यात तांबड्या मातीचं एक मोठं वारूळ आहे, तीच देवी. आम्ही लहानपणी गावी गेलो की गुरव त्या वारुळाची चिमूटभर माती तीर्थासारखी जिभेवर ठेवायचा. मग तो देवीपुढे उभा राहून गाऱ्हाणं घालायचा. कोणाच्या घरात काय अडचण आहे ते एकेक करून मोठ्याने सांगायचा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेली माणसं एका आवाजात म्हणायची, "होय महाराजा." मला त्या वयात अर्थ कळत नव्हता, पण इतकं कळायचं की आपलं दुःख कोणीतरी मोठ्याने सांगतं आहे आणि बाकीचे सगळे त्याला होकार देत आहेत.

ताई हॉस्पिटलात असताना जिन्याच्या कोपऱ्यात उभं राहून मी मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं होतं. ताईला घरी आण, मी दर मंगळवारी तोंडात पाण्याचा थेंबही घेणार नाही. "होय महाराजा" म्हणायला तिथे कोणी नव्हतं. ताई घरी आली नाही. तरीही मी मंगळवार सुरू केला. लोकांना वाटायचं, बाई श्रद्धाळू आहे. खरं ते नव्हतं. माझा उपास भक्तीचा नव्हता, रागाचा होता. तू तुझं पाळलं नाहीस ना, बघ, मी माझं पाळते आहे, असं मी दर मंगळवारी त्या वारुळाला ऐकवत होते. देव्हाऱ्यात दिवा लावायचं मात्र मी बंद केलं होतं.

शिवाय मी मासे सोडले. ताईच्या दिवसांमध्ये भटजींनी विचारलं होतं, तिच्या आवडीचं कोणी काही सोडणार आहे का? आमच्याकडे ती रीत आहे. ताईला सुका जवळा, ती वाळवलेली बारीक कोळंबी, जिवापेक्षा प्रिय. कांदा, कोकम, ओलं खोबरं घालून ती तो परतायला लागली की वरच्या मजल्यावरून विचारणा यायची. मी तळहातावर पाणी घेतलं आणि नुसता जवळा नाही, सगळे मासे आयुष्यभरासाठी सोडले. भटजी म्हणाले, "वर्षभर पुरे." मी ऐकलं नाही. सई तिथेच बसली होती. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला तेव्हा समजली नाही.

ताईच्या त्या शेवटच्या शब्दाने मला वर्षभर झोप दिली नाही. "सोड गो." तिने काय सोडायला सांगितलं होतं? हात दुखत होता म्हणून हात सोड, असं असेल. पण मी हात सोडला आणि ती गेली, हेही तेवढंच खरं होतं. ज्याचं आयुष्य शब्दांमध्ये गेलं आहे त्याला एक शब्द असा अडकला की तो निघत नाही. मग मी उलटंच करत गेले. खाणंपिणं सोडलं, पण एरवी काहीच सोडलं नाही. तिची साडी दोरीवरून काढली नाही. तिचा चष्मा खिडकीतून हलवला नाही. सगळं घट्ट धरून बसले.

शरीर मात्र हळूहळू ऐकेनासं झालं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबावं लागायला लागलं. वय पन्नाशीकडे झुकलेलं, पाळी जाण्याआधीची अनियमितता, एकेकदा इतका रक्तस्राव की शाळेतून घरी यावं लागायचं. हे सगळं मी वयावर टाकलं. केस गळत होते, नखं चमच्यासारखी खोलगट झाली होती, कपाटातल्या वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना छातीत धडधडायचं. यातलं कोणाला सांगायची मला गरज वाटली नाही. खरं सांगायचं तर, आपण असेच विझत गेलो तर बरं, असंही मनात कुठेतरी होतं.

एक गोष्ट मात्र मी जाणूनबुजून लपवली, कारण तिची मला लाज वाटत होती. मला माती खावीशी वाटायची. स्वयंपाकघरात जाता-येता डब्यातले कच्चे तांदूळ मी तोंडात टाकतच होते, पण खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीला पाणी घातलं आणि तो वास आला की जीव व्याकूळ व्हायचा. एकदा तर मी बोट मातीत घालून ते जिभेला लावलं. या वयाच्या शिकलेल्या बाईने असं करावं! शोकाने आपलं डोकं फिरत चाललं आहे असंच मला वाटलं.

मग एका सकाळी ग्रंथालयातल्या शिडीवरून उतरताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी पडले. फार लागलं नाही. शाळेतल्यांनी सईला बोलावलं. तिने त्याच दिवशी रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन सहाच्या घरात होतं. रात्री जेवताना तिने रिपोर्ट ताटाशेजारी ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मावशी, तू पण जाणार आहेस का? नाही, जाणार असशील तर तसं सांग. म्हणजे मी मनाची तयारी ठेवते. मागच्या वेळी मला कोणी सांगितलंच नव्हतं."

ती आपल्या पानातला भात नुसता चिवडत राहिली. त्या क्षणी मला तिची ती जुनी नजर समजली. मी ताईच्या नावाने एकेक गोष्ट सोडत होते आणि समोर बसलेली ही मुलगी मोजत होती, आता हिच्याकडे माझ्यासाठी काय शिल्लक राहिलं?

सईने मला ज्यांच्याकडे नेलं त्या डॉक्टर बाई कमी बोलणाऱ्या होत्या. लोहाच्या गोळ्या मला सोसल्या नाहीत, पोट बिघडलं, तेव्हा त्यांनी लोह शिरेतून द्यायचं ठरवलं. रक्तस्रावासाठी वेगळे उपचार सुरू केले. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी सहज म्हटल्यासारखं विचारलं, "माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का?" मी मान खाली घातली. सई माझ्याकडे बघायला लागली. "लाजू नका," त्या म्हणाल्या. "लोह खूप कमी झालं की पुष्कळांना होतं असं. भरून आलं की आपोआप जाईल."

त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न तिथे संपला. माझ्या मनात तो तिथून सुरू झाला. घरी येताना रिक्षात मी विचार करत होते. देव्हाऱ्यातला दिवा मी बंद केला, देवीचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि इतके महिने माझं शरीर माझ्या नकळत जिभेवर चिमूटभर माती मागत होतं. पण हा विचार मी पुढे जाऊ दिला नाही. राग अजून पुरेसा होता.

लोह द्यायचा दिवस ठरला तो मंगळवार. डॉक्टर बाई एका छोट्या नर्सिंग होममध्ये त्याच दिवशी असत. आदल्या दिवशी तिथून निरोप आला होता, पोटभर खाऊन या, पाणी भरपूर प्या, सैल बाह्यांचे कपडे घाला. मी सैल बाह्यांचा ब्लाउज घातला आणि बाकीचं सोडून दिलं. मंगळवार म्हणजे मंगळवार. शिवाय रक्ताचं काही असलं की उपाशीपोटी जायचं ही सवय हाडात भिनलेली, त्यामुळे आपण काही चूक करतो आहोत असंही वाटलं नाही. सई ऑफिसातून परस्पर येणार होती. फोनवर तिने विचारलं, "खाल्लंस ना गं?" मी म्हटलं, "निघतेच आहे." हे उत्तर नव्हतं, पण घाईत तिच्या ते लक्षात आलं नाही.

खोली लहान होती. आरामखुर्च्या, त्यांच्याशेजारी सलाईनचे स्टँड, खिडकीबाहेर पिंपळ. स्टँड दिसल्यावर माझे पाय दारातच थबकले. ताईच्या हातातली नळी, तिचं ते टपटपणं, आणि मग सिस्टरच्या अंगठ्याने फिरवून बंद केलेलं ते चाक, सगळं जसंच्या तसं समोर आलं. परत फिरावं असं वाटलं. तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "ये, ये गो बाय. घाबरू नको. मी पन पहिले दिवशी अशीच दारान उभी व्हते."

ती एक कोळीण होती, मढच्या बाजूची. माझ्याच वयाची, अंगाने भक्कम, अंबाड्यात फुलांची वेणी. तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि त्याआधी रक्त वाढवायला तिला लोह देत होते. त्या दिवशीचं तिचं औषध संपलं होतं. संपल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, कोणाला त्रास झाला तर लगेच लक्षात यावा म्हणून. त्या अर्ध्या तासात ती बसली होती. "येवढाले माशे कापते," ती दोन्ही हात पसरून मला म्हणाली, "पन ही येवढीशी सुई बगितली का पोटान गोला येतो."

सिस्टरने माझा रक्तदाब घेतला, नाडी पाहिली. तरुण मुलगी होती, बोलण्यात चटपटीत. "आधी कुठल्या औषधाची ॲलर्जी? दमा? बरं. काय खाऊन आलात?"

"आज माझा उपास आहे."

"म्हणजे साबुदाणा वगैरे?"

"निर्जळी."

तिने हातातला पट्टा खाली ठेवला. "अहो काकू, रक्त तपासायला उपाशी यायचं असतं, हे घ्यायला नाही. आधीच तुमचं बीपी खाली, त्यात पाणीसुद्धा नाही. आत्ता सोडलं आणि चक्कर आली म्हणजे? डॉक्टर मला ओरडतील, उपासाला नाही. काहीतरी खा, मग सोडते."

मी म्हटलं, मग आज नको, पुढच्या आठवड्यात येते. मी उठायलाही लागले. एका परीने सुटका झाल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

"कंदी येशील?" कोळणीने विचारलं. "पुढचे मंगलवारी? तवा पन उपासच आसल ना तुजा?"

सिस्टर हसली. तेवढ्यात त्या बाईने पिशवीतून स्टीलचा डबा काढून मांडीवर घेतला आणि झाकण उघडलं.

"मावशी, डबा नका ना उघडू इथे," सिस्टर कळवळून म्हणाली. "सगळ्या खोलीत वास येतो."

"वास? सुगंद बोल गो, सुगंद!"

तो सुक्या जवळ्याचा वास होता. कांदा, कोकम, खोबरं. वर्षभर आमच्या घरात तो आला नव्हता. मी जिथे उभी होते तिथेच खुर्चीवर बसले. बाईने तांदळाच्या भाकरीचा चतकोर मोडला, त्यावर जवळा घातला आणि माझ्यापुढे धरला.

"मी मासे सोडलेत," मी म्हटलं.

"कोनासाठी?"

"माझी बहीण गेली. तिला फार आवडायचे. हाच, जवळाच."

तिने धरलेला हात मागे घेतला नाही. नीट समजून घेत असल्यासारखी ती माझ्याकडे पाहत राहिली. "तिला आवडायचा, म्हनून तू सोडलास?" ती म्हणाली. "मंग तिचे वाट्याचा कोन खाते?"

"आमचे घरान नाय सोडत," ती सांगू लागली. "माजे आयला बोंबील आवडायचा. ती गेली तवापासून पयला घास तिचे नावान मीच खाते. पोराला बोलते, गप, हा मी नाय खात, तुजी आजी खाते." ती स्वतःच मोठ्याने हसली. मग तिच्या लक्षात आलं असावं की मी हसत नाही. तिने तो चतकोर माझ्या हातात दिला, माझी बोटं त्यावर मिटवली आणि अगदी हळू म्हणाली, "सोड गो. सोड आता उपास."

या जागी मी पुष्कळ वेळा थांबले आहे. मुंबईत कोळणी आहेत, मालवणी माणसं आहेत, आणि यातली कोणीही बाई दुसरीला "सोड गो" म्हणू शकते. हे मला माहीत आहे. पण त्या खोलीत, हातात सलाईनऐवजी भाकरी असताना, तो शब्द मी पुन्हा ऐकला आणि तो मला पहिल्यांदा पुरता ऐकू आला. आपल्या भाषेत माणूस मासे सोडतो, प्राण सोडतो आणि उपासही सोडतो. पहिल्या दोन्हींत काहीतरी जातं. तिसऱ्यात माणूस जेवायला बसतो. वर्षभर हा शब्द उलटापालटा करूनही मला हा तिसरा अर्थ दिसला नव्हता.

मी मनात ताईचं नाव घेतलं आणि घास तोंडात घातला.

सई आत आली ती नेमकी त्या वेळी. खांद्याला ऑफिसची बॅग, एका हातात माझ्यासाठी आणलेलं नारळपाणी. ती दारातच उभी राहिली. "मावशी?" ती म्हणाली. "तू... जवळा? मंगळवारी?" माझं तोंड भरलेलं, डोळे वाहत होते. मी नुसती मान हलवली. ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "आई असती ना, तर म्हणाली असती, 'माका सोडून खातंस काय गो?'" आपल्या आईची मालवणी तिने वर्षभरात पहिल्यांदा ओठांवर आणली होती. कोळणीने बाजूच्या स्टुलावरची पिशवी उचलली आणि म्हणाली, "बस गो पोरी. तू पन घे. तुजे आयचा वाटा मोठा दिसते." आम्ही तिघींनी तो डबा संपवला. सिस्टरने खिडकी उघडली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, पण ती रागावली नव्हती.

मी नारळपाणी प्यायले. थोड्या वेळाने सिस्टरने पुन्हा रक्तदाब पाहिला आणि माझ्या डाव्या हाताला सुई लावली. मुंगी चावल्यासारखं झालं, इतकंच. मग तिने बाटली टांगली. ताईची सलाईन पाण्यासारखी होती. ही तशी नव्हती. ती तांबूस तपकिरी होती, दाट. वारुळाच्या मातीत पाणी घातल्यावर जसं होतं अगदी तसं. गावच्या मातीला तांबडा रंग लोखंडाने येतो, हे शाळेच्या पुस्तकात असतं. मी ती पुस्तकं मुलांना काढून देत आले आहे. तरीही ते डोळ्यांनी पाहायला मला त्या खुर्चीपर्यंत यावं लागलं. वर्षभर जिचं नाव घेतलं नाही, जिच्याशी दर मंगळवारी भांडले, ती तीर्थ घेऊन माझ्या उशाशी टांगलेली होती. जिभेवर मी चिमूटभर मागत होते, ते ती आता माझ्या हातातून द्यायला आली होती.

सिस्टरने नळीवरच्या चाकावर अंगठा ठेवला. ताईच्या वेळी ते चाक बंद झालं होतं. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता सोडते हं."

माझ्या तोंडून हळूच निघालं, "होय महाराजा."

"काय म्हणालात?"

"काही नाही. सोडा."

पहिले काही थेंब नळीतून सरकत येताना दिसले. सिस्टर सुरुवातीला शेजारीच उभी होती. तिने सांगितलं होतं, सुईच्या जागी आग झाली, सूज आली, श्वास जड वाटला, अंगाला खाज सुटली, काहीही वेगळं वाटलं तर लगेच सांगायचं, सहन करत बसायचं नाही. काही वेळ ठीक गेला. मग कोपराच्या खळीत जळजळ सुरू झाली. मी गप्प राहिले. जुनी सवय. थोडं सोसलं तर काय होतं, उगाच कशाला कोणाला हाक मारा. वर्षभर मी सोसण्यालाच प्रेम समजत आले होते. समोर सई बसली होती. ती फोनकडे पाहत नव्हती, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिच्याकडे पाहून मी म्हटलं, "सिस्टर, इथे आग होतेय."

सिस्टर झटकन आली आणि चाक बंद केलं. सुई शिरेतून किंचित सरकली होती. तिने ती काढली, जागा तपासली, डॉक्टरांना बोलावून दाखवली आणि मग उजव्या हाताला दुसरी सुई लावली. "बरं झालं लगेच बोललात," ती म्हणाली. "थोडंसंच बाहेर आलंय. पण डाग पडेल. जायला वेळ लागतो, कधी कधी राहतोही." सईने एक लांब श्वास सोडला. त्या दिवशी तिने मला मिठी मारली नाही. माझ्या पायांवरची चादर तिने नीट केली, ताई करायची तशी, कडा आत दुमडून.

उरलेलं औषध शांतपणे गेलं. मध्येच तोंडात धातूची चव आली, तांब्याचा पैसा जिभेवर ठेवल्यासारखी, आणि आपोआप गेली. कोळणीचा अर्धा तास केव्हाच संपला होता, पण माझं अर्धं होईपर्यंत ती बसून होती. जाताना रिकामा डबा पिशवीत टाकत म्हणाली, "पुढचे खेपेला तू आन. मना तुमचा मालवनी कसा लागतो ता बगायचाय." मी तिला नाव विचारलं नाही. ते राहूनच गेलं.

ज्यांना हे पहिल्यांदा घ्यायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. दुसऱ्या दिवशी माझं डोकं दुखलं आणि सांध्यांमध्ये बारीक ताप आल्यासारखी कणकण होती. मग ते गेलं. लगेच बळ आलं नाही. मला वाटलं होतं की उठून धावत सुटेन, तसं काही झालं नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या तसे काही आठवडे गेले, आणि एक दिवस जिन्याच्या मधल्या मजल्यावर न थांबता मी घराच्या दारापर्यंत आले. किल्ली लावताना ते माझ्या लक्षात आलं. दोन पायऱ्या उतरून पुन्हा चढून पाहिलं. मातीची ओढही तशीच गेली. तुळशीला पाणी घालते, वास येतो, चांगला वाटतो, एवढंच.

दुसऱ्या खेपेला मी डबा घेऊन गेले होते. ती नव्हती. सिस्टरने सांगितलं, तिचं ऑपरेशन दुसरीकडे झालं, नीट झालं, आता घरी आहे. डबा मी आणि सिस्टरने खाल्ला. खिडकी तिने आधीच उघडून ठेवली होती.

देवीने ताईला का नेलं हे मला अजून कळलेलं नाही. कोळणीला तिने पाठवलं की ती आपली आलीच होती, हेही मला सांगता येणार नाही. मी तो हिशोब मागणं थांबवलं. पूर्वी वाटायचं, शरण जायचं म्हणजे आपल्याकडचं काहीतरी काढून देवापुढे ठेवायचं, अन्न, पाणी, झोप, जे असेल ते. आता वाटतं, समोर धरलेला घास घ्यायला हात पुढे करणं, दुखतंय ते दुखतंय म्हणून सांगणं, हेही शरण जाणंच असावं. मला ते जास्त कठीण गेलं. ज्यांनी ते त्या दिवशी माझ्याकडून करून घेतलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे, त्यांच्यातली एक नाव न विचारलेली आणि एक नाव न घेतलेली.

ताईची साडी दोरीवरून काढून मी घडी केली. चष्मा तिथेच आहे. मंगळवारी दिवा लावून मी गाऱ्हाणं घालते, घराचं, शाळेचं, सईच्या ऑफिसातल्या कटकटींचं. सई ओट्याशी चहा गाळत असते आणि मागे न वळता म्हणते, "होय महाराजा." त्या दिवशी आम्ही दोघी जेवतो. बुधवारी बाजारातून मासे येतात. पहिला घास ताईच्या नावाचा असतो, आणि तो कोणी खायचा यावरून आमचं भांडण होतं.

माझ्या डाव्या कोपराच्या खळीत तांबूस डाग आहे. थोडा पुसट झाला आहे. गेलेला नाही.